घर हलवताना बायबल वाचन: निघण्याआधीचे चार आठवडे, प्रवासाचा दिवस आणि नव्या जागेतले सहा आठवडे

एप्रिल संपत आला की कोल्हापुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये निरोपाच्या प्रार्थना सुरू होतात. कुणाची पुण्याला बदली झालेली असते, कुणाला चाकणला नोकरी लागलेली असते, नर्सिंग झालेली मुलगी आखाती देशात निघालेली असते, कुणी आजी मुलाकडे मुंबईला कायमची राहायला चाललेली असते. स्तोत्र १२१ वाचलं जातं, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, चहा होतो. आणि त्यानंतर दोन-तीन महिने त्या घरातलं रोजचं वाचन बंद पडतं.

हे विश्वास कमी झाल्यामुळे घडत नाही. वाचन त्या घराला बांधलेलं असतं. खिडकीजवळची खुर्ची, कपाटावरचं बायबल, मुलं शाळेत गेल्यावरची अर्ध्या तासाची शांतता यांच्या आधारावर ते चाललेलं असतं. खुर्ची टेम्पोत चढली की तो आधार जातो. म्हणून घर हलवायच्या काळात वाचनाचा बेत वेगळा आखावा लागतो: छोटा, जागेवर न अवलंबणारा, आणि नेमका स्थलांतराच्या उताऱ्यांचा. बायबलमध्ये अशा उताऱ्यांची वानवा नाही. अब्राहामापासून पौलापर्यंत जवळजवळ प्रत्येकजण कुठून तरी निघून कुठे तरी चाललेला आहे. स्थिर घरात बसून आपण हे उतारे वाचतो तेव्हा त्यातला निम्मा भाग डोळ्यांखालून निसटतो. सामान बांधलेलं असताना तोच भाग समोर येतो.

खालचा बेत एकूण दहा आठवड्यांचा आहे. आठवड्याला सहा वाचनं, रविवार मंडळीतल्या उपासनेसाठी मोकळा. रोज पंधरा मिनिटं पुरतात.

हागारेला विचारलेले दोन प्रश्न

उत्पत्ती १६ मध्ये हागार ही दासी मालकिणीच्या, म्हणजे अब्राहामाची बायको साराय (पुढे सारा) हिच्या, जाचाला कंटाळून पळून जाते. शूरच्या वाटेवर, रानातल्या एका झऱ्यापाशी देवदूत तिला गाठतो आणि विचारतो: कुठून आलीस, आणि कुठे चाललीस? हागार पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते: साराय मालकिणीपासून पळून चालले आहे. दुसऱ्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नाही. आठवं वचन सावकाश वाचा, उत्तर खरोखर अर्धंच आहे.

सगळ्या बेताचा कणा हे दोन प्रश्न आहेत. कोणताही उतारा घ्या, आधी त्या माणसासाठी दोन्ही उत्तरं शोधायची आणि मग स्वतःसाठी. काही दिवस तुम्हाला एकाचंच उत्तर देता येईल. ते तसंच लिहावं, ओढूनताणून पूर्ण करू नये. नोकरी गेल्यामुळे गाव सोडणाऱ्याला ‘कुठून’ चांगलं ठाऊक असतं. लग्न होऊन निघालेल्या मुलीला ‘कुठे’ एवढंच सगळे सांगत असतात, ‘कुठून’ची दखल कुणी घेत नाही.

काय जवळ ठेवायचं

रोजच्या वापराचं एक मध्यम आकाराचं मराठी बायबल, एक शंभर पानी वही आणि एक बॉलपेन. शाईचं पेन नको, प्रवासात गळतं. तिन्ही वस्तू चेनच्या प्लास्टिक पाऊचमध्ये घालून हातातल्या पिशवीत ठेवा. पुस्तकांच्या खोक्यात बायबल गेलं की ते तीन आठवडे सापडत नाही, कारण पुस्तकांची खोकी सगळ्यांत शेवटी उघडली जातात. बदल्या मे-जूनमध्ये होतात आणि जूनचा कोल्हापुरी पाऊस टेम्पोच्या ताडपत्रीला जुमानत नाही, म्हणून पाऊच.

घरातलं मोठं, जुनं बायबल वेगळं हाताळायला लागतं. त्याच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मरणं यांच्या नोंदी असतात आणि कित्येक घरांत त्या दुसरीकडे कुठेच नसतात. बांधण्याआधी त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढा, आणि घरातल्या दोघांकडे पाठवून ठेवा. मग बायबल धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई जिल्दीवर उतरते. खोक्यात आडवं ठेवा, वर जड काही नको. उभं ठेवलं तर पानांच्या वजनाने शिवण कण्यापासून सुटते. डांबराच्या गोळ्या पानांत घालू नका. कसर लागण्याची भीती असेल तर कापडाच्या घडीत वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवा. बायबल भिजलंच तर उन्हात उघडून टाकू नका, पानं आकसतात आणि जिल्द वाकते. पंख्याखाली सावलीत उभं उघडून ठेवा, दर दहा-पंधरा पानांत कोरा टिपकागद घाला आणि तो ओला झाला की बदला. ओली पानं बोटांनी सोडवायला जाऊ नका, फाटतात.

मोबाइलवर वाचणाऱ्यांनी मराठी मजकूर आणि ध्वनिमुद्रित वाचन दोन्ही निघायच्या आधीच उतरवून घ्यावं. आंबा घाटात किंवा गगनबावड्याहून खाली करूळच्या वळणांवर रेंज जाते आणि नेमकं तेव्हाच काही तरी ऐकावंसं वाटतं. तरीही वही कागदाचीच ठेवा. दहा आठवड्यांनी ती परत वाचायची आहे, आणि मोबाइलमधल्या नोंदी कुणी परत वाचत नाही.

पंधरा मिनिटं कशी वापरायची

वेळ घड्याळाला बांधू नका, नव्या जागेत घड्याळ बदलतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा माणूस पुण्यात जनरल शिफ्टला लागला की पहाटेच्या साडेपाचचं वाचन संपलंच. जी गोष्ट कुठेही गेलात तरी रोज होणारच आहे तिला वाचन जोडा: सकाळचा पहिला चहा, आंघोळीनंतरची पाच मिनिटं, रात्री दाराला कडी लावल्यानंतरचा वेळ. पहिला चहा सगळ्यांत टिकाऊ. पाळी कोणतीही असो, चहा होतोच.

पहिली सहा-सात मिनिटं उतारा मोठ्याने वाचा. एकटे असलात तरी ओठ हलू द्या. डोकं सामानाच्या यादीत गुंतलेलं असताना मनातल्या मनात वाचलेलं काही शिरत नाही. पुढची पाच मिनिटं वहीत चार ओळी:

पहिली ओळ: कोण, कुठून, कुठे.
दुसरी: मागे काय राहिलं, बरोबर काय घेतलं.
तिसरी: देव इथे काय बोलला. बोललाच नसेल तर ‘काही बोलला नाही’ असं लिहा.
चौथी: आज मला करायचं एक काम.

उरलेली तीन मिनिटं प्रार्थना, त्या चार ओळींवरूनच.

तिसऱ्या ओळीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. रूथच्या पहिल्या अध्यायात दुष्काळ आहे, परदेश आहे, तीन मृत्यू आहेत, परतीचा प्रवास आहे, पण देव कुणाशीही थेट बोलत नाही. रूथची सासू नामी देवाबद्दल बोलते आणि कडवट बोलते. अशा ठिकाणी ‘देव म्हणाला भिऊ नकोस’ असं आपण आपल्या पदरचं घालतो. घालू नका. देव बोलला नाही असे दिवस या पुस्तकात बरेच आहेत, आणि घर हलवणाऱ्याला ते ओळखीचे वाटतात.

चौथी ओळ मोघम नको. ‘देवावर भरवसा ठेवायचा’ हे काम नव्हे. ‘शेजारच्या काकूंचे उसने घेतलेले डबे परत करायचे’ हे काम आहे.

निघण्याआधीचे चार आठवडे

पहिला आठवडा अब्राहामाचा. सोमवारी उत्पत्ती ११:२७ ते १२:९. बहुतेक लोक बाराव्या अध्यायापासून सुरुवात करतात, त्यामुळे एक गोष्ट सुटते: हा प्रवास अब्राहामाच्या वडिलांनी सुरू केलेला आहे. तेरह ऊरहून कनानला जायला निघाला आणि हारानलाच थांबला. ऊर दक्षिण इराकमध्ये, हारान आजच्या तुर्कस्तानात. फरात नदीच्या कडेकडेने हे अंतर कोल्हापूर–पुण्याच्या चौपटीहून कमी नाही. वडिलांनी अर्ध्यावर सोडलेली वाट पंचाहत्तर वर्षांचा मुलगा पुढे चालू लागतो. मंगळवारी १२:१० ते १३:४. दुष्काळ पडतो, अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) मिसरात जातो, भीतीपोटी बायकोला बहीण म्हणतो. शखेम आणि बेथेल इथे वेदी बांधल्याचा उल्लेख आहे, मिसरात नाही. परत आल्यावर तो आधीच्याच वेदीपाशी जातो. वाचन सुटलं असेल तर हे वाचन परत एकदा करा. बुधवारी १३:५–१८, पुतण्या लोटाशी झालेली वाटणी. गुरुवारी अध्याय १६ आणि शुक्रवारी २१:८–२१, दोन्ही हागारेचे. शनिवारी अध्याय २३.

या तेविसाव्या अध्यायाला पूर्ण पंधरा मिनिटं द्या. सारा वारली आहे. ज्या देशाचं वचन अब्राहामाला मिळालं त्या देशात बायकोला पुरायला वीतभर जमीन त्याच्या मालकीची नाही. तो वेशीत जातो, गावकऱ्यांपुढे वाकतो, मी तुमच्यात उपरा आहे म्हणतो आणि मकपेलाची गुहा विकत मागतो. एफ्रोन आधी ‘फुकट घ्या’ म्हणतो, मग हळूच किंमत सांगतो: चारशे शेकेल चांदी. अब्राहाम घासाघीस करत नाही, सगळ्यांसमक्ष तोलून देतो. शेत, गुहा, आतली झाडं, चतुःसीमा, साक्षीदार, सगळं नोंदलेलं आहे. खरेदीखत केलेल्या कुणालाही हा अध्याय लगेच कळतो. कबरस्तानात आपली माणसं ठेवून गाव सोडणाऱ्यांनी त्या दिवशीच्या चौथ्या ओळीत एकच काम लिहावं: निघण्याआधी तिथे जाऊन यायचं, आणि कबरीची देखभाल कोण करणार ते ठरवायचं.

दुसरा आठवडा याकोबाचा: २७:४१ ते २८:२२, ३१:१–२१, अध्याय ३२, अध्याय ३३, ३५:१–१५, आणि शनिवारी ४६:१–७. बेथेलला दगड उशाला घेऊन झोपलेल्या याकोबाचा नवस नीट वाचा. खायला अन्न, नेसायला वस्त्र आणि सुखरूप परत येणं, एवढं मिळालं तर, असं तो म्हणतो. पहिल्यांदा घर सोडणाऱ्या मुलाची प्रार्थना अशीच असते, ती कमी दर्जाची मानू नका. एकतिसाव्या अध्यायात राहेल बापाच्या घरातल्या मूर्ती चोरून उंटाच्या खोगिरात लपवते, पस्तिसाव्यात याकोब असल्या सगळ्या वस्तू शखेमजवळच्या झाडाखाली पुरून टाकतो. काय न्यायचं आणि काय टाकायचं ही यादी करायला याहून चांगला आठवडा नाही. शेहेचाळिसावा अध्याय म्हाताऱ्या आईवडिलांना बरोबर नेणाऱ्यांसाठी आहे. योसेफ जिवंत आहे हे कळूनही याकोब तडक मिसरात जात नाही. तो बैर-शेब्याला थांबतो, यज्ञ करतो, आणि तिथे त्याला ‘भिऊ नको’ असं सांगितलं जातं. वडील माणसं निघताना घुटमळतात, वेळ काढतात, तो वेळ त्यांना द्यायला हवा. तारीख ठरवताना एक दिवस जादा धरा.

याच आठवड्यात पाळकसाहेबांना भेटून मंडळीचा (सभासदत्वाचा) दाखला मागा. शाळा सोडल्याचा दाखला आपण विसरत नाही, हा विसरतो. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांची सभा महिन्यातून एकदाच भरत असेल तर शेवटच्या आठवड्यात मागून मिळणार नाही.

तिसरा आठवडा मिसरातून सुटलेल्या इस्राएल लोकांच्या रानातल्या प्रवासाचा: निर्गम १३:१७–२२, निर्गम १६:१–३०, गणना ९:१५–२३, १०:२९–३६, ११:१–१५ आणि शनिवारी ३३:१–१५. मान्नाचा, म्हणजे रानात रोज मिळणाऱ्या अन्नाचा, नियम घर हलवण्याच्या दिवसांना थेट लागू पडतो. माणशी एक ओमर (एक माप), उद्यासाठी ठेवलं की किडे, आणि सहाव्या दिवशी मात्र दुप्पट. वाचनाचंही तसंच: आजचं आज. गणना नऊमध्ये लोकांना वाट दाखवणारा ढग कधी दोन दिवस, कधी महिनाभर, कधी त्याहून जास्त थांबतो. ऑफिसातून बदलीची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली जाते त्यांनी हा उतारा त्या आठवड्यात दोनदा वाचला तरी चालेल. गणना दहामध्ये ढग समोर असूनही मोशे आपल्या मेहुण्याला म्हणतो, तू बरोबर चल, रानात मुक्काम कुठे करायचा हे तुला ठाऊक आहे, तू आमचे डोळे हो. तेव्हा नव्या शहरातल्या ओळखीच्या माणसाला फोन करून भाव, पाणी, शाळा, रिक्षा यांची विचारपूस करण्यात विश्वासाची काही कमतरता नाही. अकराव्या अध्यायात लोकांना मिसरातले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवतात. वेठबिगारी आठवत नाही. नव्या गावी पांढऱ्या रश्श्याची आठवण येईल तेव्हा हे पान उघडा. आठवण येण्यात गैर काही नाही. फक्त जे सोडून आलो त्यात काय काय होतं, ते सगळं आठवावं.

शनिवारचं गणना ३३ लोक टाळतात, कारण ती नुसती नावांची यादी आहे. रामसेसहून निघाले, सुक्कोथात उतरले. सुक्कोथाहून निघाले, एथामात उतरले. परमेश्वराच्या सांगण्यावरून मोशेने ही मुक्कामांची नोंद लिहून ठेवली, असं दुसरं वचन सांगतं. त्या दिवशी चार ओळी लिहू नका. त्याऐवजी घरातल्या सगळ्यांना बसवून आपल्या घराण्याची मुक्कामांची यादी करा: पणजोबांचं गाव, आजोबा कोल्हापुरात कशासाठी आले, कसबा बावड्यातली भाड्याची खोली, राजारामपुरीतलं घर. प्रत्येक मुक्कामापुढे साल आणि निघण्याचं कारण. दोन पानं भरतात. आजी-आजोबा हयात असतील तर ही यादी त्यांच्याकडूनच सांगून घ्या, आणि यादीच्या शेवटी नवा पत्ता लिहा. आपलं स्थलांतर हे घराण्यातलं पहिलं नाही हे मुलांना इथे दिसतं. कोल्हापुरातल्या जुन्या मंडळीचा इतिहासही बाहेरून आलेल्या माणसांपासून सुरू होतो; रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली इथे आले आणि वाइल्डर मेमोरियल चर्चला त्यांचंच नाव आहे.

चौथ्या आठवड्यात पहिले चार दिवस रूथचे चार अध्याय. सगळं पुस्तक पंच्याऐंशी वचनांचं आहे. पाचव्या दिवशी एज्रा ७:६–१० आणि ८:१५–२०, सहाव्या दिवशी ८:२१–३४. शास्त्री एज्राचा काफिला पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी बाबेलहून निघाला आणि पाचव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी यरुशलेमेत पोचला: चार महिने. देव राखील असं राजाला सांगून बसल्यामुळे शिपाई मागायची त्याला लाज वाटली, म्हणून अहवा नदीपाशी उपास. पण तोच एज्रा सोनं, चांदी, पात्रं निघताना तोलून देतो आणि पोचल्यावर पुन्हा तोलून घेतो, संख्या आणि वजन दोन्ही लिहून. तुम्हीही खोक्यांना आकडे टाका, वहीच्या मागच्या पानावर यादी करा आणि टेम्पो रिकामा झाल्यावर एक-एक खूण करून घ्या. सामान हरवतं ते बहुतेक वेळा शेवटच्या घाईत, बिनआकड्याच्या पिशव्यांतून.

प्रवासाचा दिवस

सकाळी रिकाम्या घरात सगळ्यांनी उभं राहून स्तोत्र १२१ वाचा. आठ वचनं आहेत, दोन मिनिटं लागत नाहीत. सतराजण निरोपाला आलेले असतील, टेम्पोवाला हॉर्न देत असेल. तरी हे आधी, मग कुलूप.

वाटेत लूक २४:१३–३५, अम्माऊसची वाट. एसटीत किंवा गाडीत छापील पान वाचू नका. घाटात मळमळतं आणि मग त्या उताऱ्याचीच नावड बसते. तिथे ध्वनिमुद्रण ऐकावं, एक कान मोकळा ठेवून. कोयना एक्स्प्रेसने दिवसा जात असाल तर निवांत वाचता येतं. रात्रीच्या महालक्ष्मीने जाणार असाल तर दिवे मालवायच्या आत वाचून घ्या. अम्माऊस यरुशलेमेहून साधारण अकरा किलोमीटर, चालत दोन-अडीच तास. दोघेजण निराश होऊन चालले आहेत, आणि वाटेत भेटलेला माणूस येशूच आहे हे ते ओळखत नाहीत. मुलं बरोबर असतील तर त्यांना लूक २:४१–५२ सांगा. बारा वर्षांचा येशू मागे राहिला हे आईवडिलांना एक दिवसाची वाट चालून गेल्यावर कळलं. पुढच्या थांब्यावर माणसं मोजायची आठवणही त्यातून होते.

रात्री नव्या जागेत, गाद्या जमिनीवर टाकलेल्या असताना, स्तोत्र ४. शेवटचं वचन झोपेबद्दल आहे.

नव्या जागेतले सहा आठवडे

पहिले तीन दिवस फक्त स्तोत्र १३१, तिन्ही दिवस तेच. तीन वचनांचं आहे. एज्रा यरुशलेमेत पोचल्यावर तीन दिवस नुसता राहिला (८:३२), नहेम्याही तीन दिवस (२:११), आणि मगच दोघांनी काम हाती घेतलं. गॅस, पाणी, मुलांचा प्रवेश यांत दमलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी मोठं वाचन धरलं की चौथ्या दिवशी सुटतं.

मग आरोहणस्तोत्रं, १२० ते १३४, रोज एक. यरुशलेमेच्या वाटेवर यात्रेकरू ही म्हणत असत असं सामान्यतः मानलं जातं. सगळ्यांत मोठं १३२, अठरा वचनांचं; बाकीची दहाच्या आत. मालिकेची सुरुवात गोड नाही. १२० व्या स्तोत्रातला माणूस मेशेखात आणि केदाराच्या तंबूंत, म्हणजे परक्या मुलखात, राहावं लागतं म्हणून हाय हाय करतो, आणि शेजाऱ्यांशी त्याचं जमत नाही. नव्या सोसायटीतल्या पहिल्या आठवड्याला हे स्तोत्र बरोबर बसतं. यात्रा तक्रारीपासून सुरू होते आणि १३४ ला मंदिरात संपते, म्हणून क्रम मोडू नका.

त्यानंतर चार दिवस यिर्मया: पहिल्या दिवशी अध्याय २८, मग २९:१–९, मग २९:१०–१४, चौथ्या दिवशी २९:१–१४ सलग. एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन निरोपाच्या प्रत्येक कार्डावर असतं आणि त्याच्या आजूबाजूची वचनं कुणी वाचत नाही. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो की बाबेलात बंदी करून नेलेले सगळे दोन वर्षांत परत येतील. त्या बंदिवानांना यिर्मयाने लिहिलेलं पत्र म्हणतं सत्तर वर्षं. म्हणून घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आशेचं अकरावं वचन या सगळ्यानंतर येतं, आणि पत्र वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. ‘दोनच वर्षं काढायची आहेत’ या हिशोबाने राहणारा माणूस ना शेजाऱ्याचं नाव विचारतो ना कुंडीत कढीपत्ता लावतो. या चार दिवसांच्या चौथ्या ओळीत तशी कामं लिहा: दोन शेजाऱ्यांची नावं, एक कुंडी, जवळच्या दवाखान्याची माहिती, आणि रोज त्या वॉर्डासाठी नाव घेऊन प्रार्थना.

मग मत्तय २:१३–२३, आणि प्रेषितांची कृत्ये: १६:६–१५, १८:१–११, १८:१८–२८, अध्याय २७ दोन दिवसांत, २८:११–३१. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्यावर नीट लक्ष द्या. तो मूळचा पंत प्रांताचा. क्लौद्य कैसराच्या हुकुमामुळे दोघांना रोम सोडावं लागलं, करिंथात तंबू बनवण्याचा धंदा, तिथून इफिस, आणि रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पुन्हा रोममध्ये. इफिसातही त्यांच्या घरी मंडळी जमते, रोममध्येही. घरं बदलली, धंदा आणि दार उघडं ठेवण्याची सवय तीच राहिली. अठ्ठाविसाव्या अध्यायाच्या शेवटी पौल दोन वर्षं भाड्याच्या घरात आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांना हा तपशील जवळचा वाटेल. शेवटी इब्री लोकांस पत्र ११:८–१६.

ही तीस वाचनं झाली. सहा आठवड्यांत छत्तीस दिवस मिळतात. उरलेले सहा दिवस सुटलेल्या वाचनांसाठी.

कुठे बिघडतं

सुटलेली वाचनं एकदम भरून काढायला जाणं, हे सगळ्यांत जास्त वेळा घडतं. पाच दिवस गेले, सहाव्या दिवशी सहा उतारे. सातव्या दिवशी काहीच नाही. सुटलेलं जाऊ द्या, आजच्या तारखेपासून वाचा.

दुसरं, निर्णयासाठी बायबल उघडून बोट ठेवणं. जायचं की नाही हे ठरवायला पगार, घरभाडं, मुलांचं वर्ष, आईवडिलांची तब्येत आणि जाणत्या माणसांचा सल्ला हे सगळं समोर मांडावं लागतं. कृत्ये १६ मध्ये पौलाला स्वप्न पडतं, त्यानंतरही दहाव्या वचनात ‘आम्ही’ मिळून निष्कर्ष काढतो. एकट्याचं बोट आणि एक वचन यावर घर हलवू नका.

तिसरं, दर वेळी स्वतःला अब्राहाम समजणं. कधी आपण हागारेला घराबाहेर काढणाऱ्यांत असतो, कधी एफ्रोनसारखे घरमालक असतो. कोल्हापुरातच राहणाऱ्यांनीही हा बेत करावा, आणि साखर कारखान्यांच्या हंगामात आलेल्या ऊसतोड मजुरांच्या खोपट्यांकडे बघत रूथचा दुसरा अध्याय वाचावा. तिथे परक्या बाईसाठी मुद्दाम कणसं टाकायला सांगणारा बवाज आहे.

नवरा आधी गेला आणि बाकीचे शाळा संपेपर्यंत मागे राहिले, असं असेल तर दोन्हीकडे तोच उतारा वाचा आणि रात्रीच्या फोनवर फक्त तिसरी ओळ एकमेकांना वाचून दाखवा. मागे राहिलेल्यांनी १ शमुवेल ३०:२१–२५ जोडून घ्यावं. थकून बसोर ओढ्यापाशी सामान राखत राहिलेल्या दोनशे जणांना दावीद लढून आलेल्यांइतकाच वाटा देतो.

पुरात घर सोडावं लागलं तर

२०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरात कितीतरी कुटुंबांना काही तासांत बाहेर पडावं लागलं. तिथे चार आठवड्यांचा बेत कुठला? जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊच तयार करून कागदपत्रांच्या पिशवीतच ठेवा, आणि मोठं बायबल वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडे ठेवून या. निवारा केंद्रात वाचन तीनच: स्तोत्र ६९:१–३, उत्पत्ती २१:१४–१९, प्रेषितांची कृत्ये २७:३३–४४. शेवटच्या उताऱ्यात जहाज फुटायला आलं आहे, माणसं चौदा दिवस उपाशी आहेत, आणि पौल आधी सगळ्यांना जेवायला सांगतो. जहाजावर दोनशे शहात्तर माणसं होती. कुणी पोहत, कुणी फळीवर, सगळी किनाऱ्याला लागली. केंद्रात आपल्या मंडळीबाहेरची माणसंही असतात, म्हणून मोठ्याने वाचण्याआधी शेजारच्यांना विचारा. घरी परतल्यावर पहिल्या आठवड्यापासून नव्हे, थेट आरोहणस्तोत्रांपासून सुरुवात करा, आणि वही चिखलात गेली असेल तर मुक्कामांची यादी आठवून पहिल्या पानावर पुन्हा लिहून काढा.